कपाटाच्या दारामागची मुलगी

लेकीने तिसऱ्या घासालाच ताट बाजूला सरकवलं, तरी आईने वर पाहिलं नाही. हल्ली तिला लेकीकडे पाहायचीच लाज वाटायची.

आई जाहिरातींच्या स्टुडिओत कामाला होती. फोटोतले डाग पुसायचे, दंड बारीक करायचे, कंबर आत घ्यायची. साहेब तिला कौतुकाने ‘शिंपीणबाई’ म्हणत आणि तीही खुलायची.

लेकीने कपाटाच्या दारामागे आईनेच केलेली एक जाहिरात चिकटवली होती, वजन उतरवणाऱ्या चहाची. निळ्या झग्यातली मुलगी, गळ्यापासून गुडघ्यापर्यंतच, आणि मुठीत मावेल अशी कंबर. ती जाहिरात घाईत झाली होती. मॉडेल आलीच नाही, तेव्हा आईने कुठूनसा फोटो काढून वेळ मारून नेली होती.

रोज सकाळी लेक त्या मुलीशेजारी उभी राहून पोट आत ओढायची. ही कंबर खोटी आहे, मीच कापलीय, असं आईने दहादा सांगून पाहिलं. जाड मुलींच्या आया असंच बोलतात, असं लेकीचं म्हणणं.

“मग खरी मुलगी दाखव,” ती एकदा म्हणाली. “तिला बघितलं की जेवीन.”

मूळ फोटो पुसला गेला, असं आईने ठोकून दिलं.

आठवड्याने लेक कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. घरात मुलगी उपाशी राहते आणि तुम्हाला पत्ता नाही, म्हणून डॉक्टरांनी आईला फैलावर घेतलं. तिने मान खाली घातली. पत्ता तिला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती लेकीला रिकाम्या स्टुडिओत घेऊन गेली, संगणक लावला आणि केलेलं काम एकेक करून काढू लागली. कातडीवरची चकाकी गेली. कंबर सैल झाली, दंड भरले. झग्याचा निळा रंग गेला आणि खालून पिवळा निघाला. लेक पुढे वाकली.

“अशी होती ही?”

“अशीच. छान होती.”

“मग कापलीस कशाला?”

 शरमेने आईचे कान तापले.

“चेहरा दाखव.”

“नको गं.”

“आई, दाखव.”

आईने फोटोची कापलेली कड हळूहळू वर ओढली. हनुवटी आली, मग ओठ, मग पोटभर जेवून उठल्यावरचं ते हसू. लेकीला स्वतःला ओळखायला थोडा वेळ लागला.