चाकाखालचं लिंबू

घासलेल्या चाकांपायी आरटीओच्या पासिंगला माझा ट्रक दुसऱ्यांदा नापास झाला आणि माझं डोकंच फिरलं. शिळफाट्यावर नागूच्या टायरच्या दुकानात सहाही चाकं बदलून घेतली. पाच वर्षं पळालेली जुनी चाकं मी लाथा घालून भिंतीशी आडवी पाडली.

"असं नको करू रं, विलास," नागू म्हणाला.

"तू नट आवळ!" मी खेकसलो.

रिवाजाप्रमाणे पुढच्या नव्या चाकाखाली लिंबू ठेवलं. माझा मेव्हणा कमलेश स्टेअरिंगवर होता. चाक लिंबावरून गेलं. लिंबू होतं तसंच गोल राहिलं.

मी दुसरं ठेवलं आणि वाकून बघितलं. रबर लिंबावर चढलं, उतरलं, पण सालीवर साधा ओरखडा नव्हता. मी चिडून ते टाचेखाली घेतलं, तर पचकन फुटलं.

"हिकडं बघ," नागूचा आवाज बारीक झाला होता.

भिंतीशी पडलेल्या पुढच्या जुन्या चाकाखालून लिंबाचा रस ओघळत होता. दोन बियापण आल्या होत्या.

"मला खेळवता काय रं?" मी त्या चाकांवर ओरडलो आणि नव्या चाकापुढं माझं पाऊल ठेवलं. "कमलेश, घे पुढं!"

"भावजी, येडं झालाव काय?"

"घे म्हणतो ना!"

चाक पावलावर चढलं. वजनच नव्हतं. मी छाती फुगवून नागूकडं पाहिलं.

तो माझ्या पायाकडं बघतच नव्हता. भिंतीशी पडलेल्या त्या जुन्या चाकाखाली बघत त्यानं तोंडावर हात दाबून धरला होता.