रुपयाला एक आणा

"गोमाजी, तुझ्या पगारातनं फंडाचं किती कापतात रे?" येसाजीनं विचारलं.

गोमाजीनं चहाची बशी खाली ठेवली. तो शेजारच्या वाडीचा. महिपत आणि तो मुंबईत एकाच गिरणीत, एकाच खात्यात माग चालवायचे. शिमग्याची रजा संपली होती. दोघांना मिळून डोंगर उतरून पोलादपूरला दुपारची एसटी गाठायची होती. येसाजीचा मुलगा महिपत पडवीत तांदळाच्या पोत्याचं तोंड शिवत बसला होता. बापाचा प्रश्न कानावर पडला आणि त्याचा दाभण थांबला.

"आबा, उशीर होतोय," तो म्हणाला.

"होऊ दे. मी त्याला विचारतोय."

गोमाजीला यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्याला बरं वाटलं. गिरणीतल्या गोष्टी वाडीत विचारतंय कोण? त्यानं नीट समजावून सांगितलं. मूळ पगार तीस रुपये, महागाईचे सहासष्ट, दोन्ही मिळून शहाण्णव. जादा काम केलं तर ते पैसे यात धरायचे नाहीत. या शहाण्णवावर रुपयाला एक आणा असं ऑफिसात कापून घेतात. ते कामगाराच्या नावानं साठत जातं आणि म्हातारपणी काम सुटलं की व्याजासकट हातात येतं.

"रुपायाला एक," येसाजी म्हणाला. "दोन नाय?"

"एकच. सगळ्या गिरणीला एकच."

येसाजी शाळेत गेला नव्हता, पण जन्मभर त्यानं महाडच्या बाजारात भात विकलं होतं. त्याला बोटं मोजावी लागली नाहीत.

"म्हंजे सा रुपये." तो मुलाकडे वळला. "दिवाळीला तू मला बारा सांगितलेस. दर म्हयन्याला बारा."

महिपतनं मान खाली घातली. गोमाजीचं त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. तो गडबडला. म्हणाला, काहींचं सोसायटीचं कर्ज असतं, त्याचा हप्ता वेगळा कापतात, तसंही असेल. येसाजीनं हातानंच त्याला गप्प केलं.

महिपतची बायको मैना माजघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"कोण हाय ती?" येसाजीनं विचारलं.

त्यानं आवाज चढवला नव्हता. मुंबईत दुसरं घर मांडलेले गडी या खोऱ्यात सगळ्यांना माहीत होते. खालच्या वाडीतल्या दोन बाया अजून पोस्टमनची वाट बघत होत्या.

महिपतची नजर दाभणावर होती. सोसायटीचं नाव घेतलं असतं तर भागलं असतं. गोमाजीनं वाट काढून दिलीच होती. आणखी एक खोटं बोलायचं, पोतं उचलायचं आणि निघायचं.

"सांगा की," मैना म्हणाली. सासऱ्यासमोर ती आजवर नवऱ्याशी बोलली नव्हती. "मला पण ऐकू दे."

महिपतनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"तुळसाआक्का," तो म्हणाला.

आत चुलीजवळ त्याच्या आईची, बनुबाईची, खुडबुड थांबली. चार वर्षं हे नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. थोरल्या मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा येसाजीनं तिच्या नावानं आंघोळ केली होती.

मग महिपतनं सगळं सांगितलं. आक्काचा नवरा गिरणीत बदलीवर होता, कुणी गैरहजर असेल त्या दिवशीच काम. वर्षभर तो रक्त ओकत खोलीत पडून आहे. बदलीवाल्याला ना फंड, ना रजा. आक्का चार गिऱ्हाइकांना जेवण घालते, त्यात औषध भागतं, भाडं भागत नाही. खोलीचं भाडं सहा रुपये. ते तो भरतो. नाही भरलं तर मालक तिला दोन पोरांसकट रस्त्यावर काढील.

"आबा, मारायचं तर मारा," तो म्हणाला. "पण भाडं मी थांबवणार नाय."

मैना उंबऱ्यावरच खाली बसली. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. ती रडत होती की काय ते कळत नव्हतं.

येसाजी उठला, अंगणात गेला आणि दगडी गडग्याजवळ सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. ऊन अंगणभर आलं होतं. आता निघालो नाही तर एसटी चुकेल, असं गोमाजी हळूच म्हणाला. कुणीच जागचं हललं नाही.

येसाजीनं, तोंड न वळवता, विचारलं, "गोमाजी, हा फंड नुसता कामगारच भरतो?"

"नाय काका. जेवढं कामगाराचं कापतात, तेवढंच मालकाला पदरचं घालावं लागतं. कायदाच हाय तसा."

येसाजी आत आला. कुणाकडे न बघता माजघरात गेला, कणगीवरचं झाकण त्यानं बाजूला केलं आणि पायली हातात घेतली. बनुबाई चुलीपासून उठली. कोपऱ्यातलं दुसरं रिकामं पोतं तिनं झटकलं आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडून धरलं. तांदूळ पडत राहिले. तो आवाज बाहेर पडवीपर्यंत ऐकू येत होता.

पोतं निम्मं भरलं तेव्हा येसाजीनं पायली खाली ठेवली.

"बास," तो म्हणाला. "तिच्या पोरांना पुरंल."

बनुबाईनं वर पाहिलं नाही. पोत्याचं तोंड तिनं तसंच उघडं धरून ठेवलं होतं.