डबा उघडायचं पातं

टिपणिसांनी भिंग डोळ्याला लावून धारप सरांचा स्काउटचा जुना चाकू दिव्याखाली धरला. शिंगाची मूठ अस्सल होती, पात्याच्या बुडाशी कारखान्याचा शिक्काही शाबूत होता. आपल्या संग्रहासाठी ते या चाकूवर कधीचे टपून होते.

"मी निवृत्त झाल्यापासून हा ट्रंकेतच पडून आहे," सर म्हणाले. शेजारी बसलेल्या धारप काकूंनी मान डोलावली.

टिपणिसांनी एकेक पातं उघडलं. मोठं पातं गंजलेलं, आरीही गंजलेली. डबा उघडायचं आखूड पातं मात्र लखलखत होतं.

"कमाल आहे! हे तर परवापर्यंत वापरात असणार!" कुतूहलाच्या भरात ते बोलून गेले. सरांनी घसा खाकरला.

खाचेत काहीतरी चिकट लागलं. टिपणिसांनी भिंग जवळ नेलं, तेवढ्यात आतून एक मुंगी बाहेर आली. तिच्यामागे दुसरी.

काकूंनी मुंग्यांकडे पाहिलं, मग सरांकडे.

"तुमची साखर का उतरत नाही, म्हणून डॉक्टर डोकं धरून बसलेत! चाकू आता टिपणिसांकडेच राहील. तुम्ही फक्त रसगुल्ल्यांचे डबे कुठे लपवलेत ते सांगा."