मंजुळाबाईंचं वाण

करंडा घेऊन शारदाबाई सोफ्याच्या टोकापासून निघाल्या. एकेकीला हळद, कुंकू, तिळगूळ आणि वाणाची स्टीलची वाटी. सिंधी भाभी झाली, जैनांच्या सूनबाई झाल्या. पुढं मंजुळाबाई बसल्या होत्या, वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या. इथं मात्र शारदाबाईंचं पाऊल अडखळलं.

मंजुळाबाई बौद्ध. जिन्यात बोलताबोलता म्हणाल्या होत्या, "मी कुंकू लावून घेत नाही हं." शारदाबाईंनी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. ज्याची त्याची श्रद्धा, हे पोरांकडून घोकून घेतलेलं. उगाच कुणाचं मन दुखवायला नको, म्हणून त्या गोड हसल्या आणि मंजुळाबाईंना ओलांडून सरळ पुढच्या बाईकडे गेल्या. निभावलं बाई एकदाचं!

कसलं निभावलंय!

"शारदाजी," मंजुळाबाईंचा आवाज खणखणीत, "कुंकू नको म्हटलं होतं मी. तिळगुळानं काय घोडं मारलंय?"

सिंधी भाभी फिसकन हसली. "हां भई, ये तो ज्यादती है!"

शारदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मला वाटलं, तुम्हाला चालायचं नाही..."

"वाटलं कशाला? विचारायचं ना!"

शारदाबाईंनी घाईघाईनं तिळगूळ दिला, वाटी दिली. "गोड बोला हं."

"बोलतेच आहे की!" आणि खोलीभर हसू पिकलं.

स्वयंपाकघराच्या दारात देवयानी, शारदाबाईंची सून, मसाला दुधाचा ट्रे घेऊन उभी होती. नवरा, उन्मेष, गेल्यापासून दर संक्रांतीला ती आतच थांबायची. आत बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर ये असंही नाही.

"आई," ती हलकेच म्हणाली, "म्हणजे कुंकवाशिवायही वाण देता येतं?"

हसू जागच्या जागी विरलं. भाभी हातातल्या वाटीकडे बघत बसली. देवयानीचा नवरा गेला, तसा शारदाबाईंचाही मुलगा गेला होता. त्या बाहेर करंडा घेऊन फिरत होत्या आणि ही पोर आत दूध आटवत होती.

त्या देवयानीपाशी गेल्या. एका हातात करंडा, दुसऱ्या हातात वाटी. दोन्ही हात त्यांनी पुढं केले.

"यातलं काय देऊ, तू सांग."

देवयानीनं हातातला ट्रे आधी खाली ठेवला.