गुरूचे चार चंद्र

"दिसला!" बाबाजी दुर्बिणीवरून डोळा न काढताच ओरडला. "गुरू! आणि शेजारी त्याचे चारही चंद्र, एका ओळीत. ये, ये, बघ लवकर."

महिपतनं चष्मा कपाळावर सरकवला आणि श्वास रोखून डोळा लावला. आत नेहमीचंच. राखाडी, भुरकट काहीतरी, कुणी काचेवर फुंकर मारून ठेवल्यासारखं. त्यानं स्क्रू इकडे फिरवला, तिकडे फिरवला. भुरकटपणा जरा दाट झाला, जरा पातळ झाला.

"दिसतोय ना?"

"कप्पाळ दिसतंय माझं," महिपत म्हणाला.

मिरजोळ्याच्या कारखान्यात रात्रपाळ्या करता करता महिपतचं आयुष्य गेलं होतं. डोक्यावर कायम पत्रा. निवृत्त झाला तेव्हा त्यानं ठरवलं, आता राहिलेलं आभाळ बघून घ्यायचं. मालगुंडचं एक कुटुंब पुण्याला राहायला चाललं होतं, त्यांच्याकडून ही जुनी दुर्बीण त्यानं विकत घेतली आणि जपून घरी आणली. त्याचं घर वर सड्यावर. पुढे मोकळा कातळ, आजूबाजूला दिवे कमी. आणखी काय पाहिजे?

पण पाऊस संपून आभाळ उघडल्यापासून रोज हेच. बाबाजीला दिसायचं, महिपतला नाही.

बाबाजी शेजारचाच. दोघे एका बाकावर बसून शिकलेले. पुढे बाबाजी शाळामास्तर झाला. बायको गेल्या वर्षी वारली, मुलगा धम्मदीप नोकरीला मुंबईत. दिवेलागणीला कानाला मफलर गुंडाळून बाबाजी अंगणात हजर व्हायचा. महिपत दुर्बीण नेम धरून लावायचा आणि बाबाजी तिच्यात डोळा घालून वर्णन करायचा. चंद्रावरचे खड्डे, कृत्तिकांचा झुबका, मृगातला तो धुरकट ढग. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच तिथं जाऊन आलाय.

महिपत आतून जळत होता. मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासून नंबर थोडा बदलून दिला. नव्या चष्म्यानंही तेच, चष्मा काढूनही तेच. सुनंदाला, त्याच्या बायकोला, बघायला सांगावं तर तिची कंबर धरलेली, वाकायचं नाव नको.

"तुमचे डोळे जायला लागले असतील," ती काळजीनं म्हणाली. "मुंबईला दाखवूया का?"

हे त्याच्याही मनात होतंच. कुणी बोललं नव्हतं इतकंच. हौस करायची वेळ आली आणि डोळेच दगा देणार! ते त्याच्या मनात कुरतडत राहिलं.

त्या संध्याकाळी बाबाजी पुन्हा म्हणाला, "धीर धर रे. डोळ्याला सवय व्हावी लागते."

महिपतचा तोल गेला. "मास्तरकी शिकवू नको मला! दुर्बीण माझी, अंगण माझं, आणि दिसतं सगळं तुला! घरात वाट बघणारं कुणी नाय, म्हणून येऊन बसतोस इथं रोज."

बाबाजीनं मफलर सोडून पुन्हा बांधला. "येतो," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही.

"लाज वाटली पाहिजे," सुनंदा म्हणाली.

लाज वाटतच होती, पण ती कबूल करण्यापेक्षा दुर्बिणीवर राग काढणं सोपं होतं. महिपत ती नळी चादरीत गुंडाळून एसटीनं चिपळूणला गेला. तिथं मनिषाबाई म्हणून कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाई हौशी लोकांच्या दुर्बिणी नीट करून द्यायच्या.

बाईंनी मागचं झाकण उघडून तळाचा बशीएवढा आरसा बाहेर काढला. "प्रकाश गोळा करतो तो हा," त्या म्हणाल्या. "हा आहे तर दुर्बीण आहे." त्यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात फिरवला. "खारी हवा, काका. समुद्राकाठच्या घरात पडून असणार ही. विकणाऱ्यावर चिडू नका, त्यालाही कळलं नसेल."

"त्याच्यावर नाय चिडलो," महिपत म्हणाला. त्याचे कान तापले होते. "ह्याचं काय ते करा तुम्ही."

परत येताना तो नळी मांडीवर घेऊन बसला. निवळीचा घाट कधी मागे पडला, त्याला कळलं नाही. बाबाजीला तोंडावर काय काय सुनवायचं, ते तो मनात जुळवत होता.

अंधार पडता पडता त्यानं दुर्बीण तिवईवर चढवली आणि सरळ बाबाजीचं दार ठोठावलं.

"चिपळूणला जाऊन आलो. चल, बघायला."

बाबाजी दारात उभा राहिला. घरात दिवासुद्धा लावलेला नव्हता. "मी कशाला आता?"

"चल म्हणतो ना."

अंगणात येऊन बाबाजी वाकला. भिंगाला डोळा लावला. स्क्रू जरा फिरवला. महिपत हाताची घडी घालून बाजूला उभा होता.

"आहा!" बाबाजी म्हणाला. "आज तर काय लख्ख दिसतोय रे! चारही चंद्र. आता तुलाही दिसणार. बघ, बघ."

तो बाजूला झाला. परीक्षेच्या निकालाला उभ्या पोरासारखा तो महिपतच्या तोंडाकडे बघत राहिला.

महिपतनं डोळा लावला. बराच वेळ तिथून हटवला नाही.

"दिसला रे," तो शेवटी म्हणाला. "चारही दिसले."

"मी म्हणत नव्हतो!" बाबाजीनं त्याच्या पाठीत थाप मारली. "उद्या मृग बघू."

"उद्या बघू. आज जेवूनच जा."

कामातून गेलेला आरसा मनिषाबाईंनी ठेवून घेतला होता, नवा यायला महिना लागणार होता. महिपतनं चिपळूणहून परत आणली होती ती नुसती रिकामी नळी.