पातेलंभर कोरा चहा

मरणापुढं सगळं वैर संपतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलंय. नामाजींचं वैर मात्र थोरल्या भावाच्या, माणिकरावांच्या अंगणापर्यंत शाबूत होतं. आत शिरताना त्यांनी सवयीनं तोंडही वाकडं केलं. मग त्यांना अंगणातल्या चुलीवरचं पातेलं दिसलं आणि ते मटकन खाली बसले.

पातेलंभर कोरा चहा. ओसरीत दुधाची चरवी भरलेली, तिला हात लावलेला नाही. दूध असताना कोरा चहा कुरुंदा गावात एकाच कारणानं होतो. मौतीला आलेल्या माणसांसाठी.

म्हणजे पार्वतीबाईंची बातमी खरी होती. शेजारच्या या बाई मघाशी माणिकरावांकडं काडीपेटी मागायला गेल्या होत्या. पातेलं त्यांनीही पाहिलं. माणिकरावांची बाज रिकामी होती. त्यांची बायको सखुबाई चुलीपुढं डोळ्याला पदर लावून बसलेली. "पांढरं कापड असलं एखादं तर बघा वो," एवढंच ती बोलली. अशा वेळी जास्त विचारत नसतात. पार्वतीबाईंनी विचारलं नाही. आळीला तेवढं सांगितलं.

"दादा!" नामाजींनी हंबरडा फोडला.

वाटणी झाल्यापासून हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. भांडण जमिनीचं नव्हतं, विहिरीचंही नव्हतं. हळद शिजवायच्या कढईचं होतं. भाऊ दोन, कढई एक. माणिकराव गावाला गेलेले पाहून नामाजींनी ती गाडीत घालून नेली. तेव्हापासून एकमेकांना पाहिलं की दोघंही रस्ता बदलत. गावात रस्ते फार नाहीत, त्यामुळं दोघांचं चालणं बरंच वाढलं होतं.

"दादा, ती कढई तुझीच रे! म्या पाप्यानं ठेवून घेतली! घेऊन जा रे तुझी कढई!"

जमलेल्या मंडळींनी डोळे पुसले. मेलेला माणूस कढई कुठं नेणार, हे त्या घडीला कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सखुबाई हातात जुन्या धोतराचा तुकडा घेऊन घरातून धावत आली. "अवो भावजी, काहून रडून राहिले?"

तेवढ्यात मागचं दार वाजलं. माणिकराव परसाकडून येत होते. एका हातात रिकामा लोटा, दुसरा हात गुडघ्यावर.

"व्हय?" ते म्हणाले. "मग धाडून दे की. हळद काढणीला आलीय."

नामाजींनी त्यांना लोट्यासकट मिठी मारली.

झालं होतं एवढंच, की हिंगोली नुकतीच जिल्हा झाली होती. जिल्ह्याबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर त्यांच्या बायका आणि बायकांबरोबर बरण्या. त्यातली एक बरणी माणिकरावांची हिंगोलीला दिलेली लेक अंजली बापाच्या गुडघ्यांसाठी घेऊन आली होती. आत भिजल्या भाकरीसारखा एक पांढरट पापुद्रा. तो गोड, कोऱ्या, गार चहात सोडायचा, बरणीच्या तोंडाला पांढरं कापड बांधायचं आणि आंबू द्यायचं; तो आंबलेला चहा प्यायला की गुडघे मोकळे होतात म्हणे. सखुबाईच्या डोळ्यांचं म्हणाल, तर चुलीतल्या तुराट्या ओल्या होत्या आणि धूर फार होता.

मंडळी हसत उठली. पार्वतीबाई तेवढ्या जरा नाराज दिसल्या.

सखुबाईनं बरणीतला तयार चहा दोघांना ओतून दिला. नामाजींनी घोट घेतला आणि एक डोळा मिटला.

"वैनी, आंबलाय की हा!"

"आपल्या दोघांपरीस कमीच आंबलाय," माणिकराव म्हणाले. "पी मुकाट्यानं."

नामाजींनी पेला रिकामा केला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्यांना वाटत होतं. भाऊ होता. समोर बसून ढेकर देत होता.

"मग उद्या गाडी धाडू ना कढईला?"

"बराबर," नामाजी म्हणाले आणि आणखी एक पेला मागितला.

कढई त्यांनी दिवाळीतच भंगारवाल्याला घातली होती.