जात्याला टाकी

आईला मातीआड केल्यापासून मला अंथरुणातून उठवत नव्हतं. पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. विश्वास माझ्यापाशी होता, उठण्याचं बळ नव्हतं. मग एका पहाटे मार्थामावशी ज्वारीची पाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "माझं जातं झिजलंय गं, पीठ लई जाडं पडतंय. तुझ्या जात्यावर दळू दे. पर एकटीला ओढवत न्हाय, समोर बस." आई बसायची त्या जागी बसून मी खुंटा धरला. दुसऱ्या दिवशी राहेलबाई आल्या, नंतर पाळकीणबाई. मंडळीतल्या सगळ्याच बायकांची जाती झिजली होती, आणि जात्यांना टाकी लावून झिजलेला दगड पुन्हा खरबरीत करणारी पाथरवटीण बार्शीहून येताना निजामाच्या मोगलाईच्या नाक्यावर अडकली असावी, असं सगळ्या सांगत. दळता दळता मला पुन्हा भूक लागू लागली. आज मार्थामावशींबरोबर दळत असताना गल्लीतून हाक आली, "जात्याला टाकीऽ!" माझा हात थांबला. सगळ्यांची जाती नीट झाली, की उद्यापासून कोण येणार? पाथरवटीण दारातून डोकावली. "अगंबाई, मार्थाबाई, तुमी हितं? मागल्याच महिन्यात टाकी लावली की तुमच्या जात्याला! राहेलबाईंच्या बी. इतक्यात बिघडलं व्हय?" मावशी मान खाली घालून मूठमूठ ज्वारी टाकत राहिल्या. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला हसू फुटलं. "चांगलंच बिघडलंय," मी म्हणाले आणि खुंटा पुन्हा धरला. "उद्याही मावशींना इथंच दळावं लागणार."